कुणी मेलं नाय, मोठी आई!

"दादा, जय भीम. माझी मोठी आई हरवली."

बुद्धभूषणनं रजिस्टरातून मान वर केली, आणि त्याला उलट जय भीम म्हणायचंसुद्धा सुचलं नाही.

समोर एक मुलगी उभी. बावीसेक वर्षांची, पळत आलेली. पिवळा स्कार्फ अर्धा गळ्यात, अर्धा लोंबत. चौदा जानेवारीची थंडी, लोकं कानटोप्या घालून फिरतायत, आणि हिच्या कपाळावर घाम! टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरलेली, इतकी घट्ट की बोटं पांढरी पडलेली. आणि डोळे... आता डोळ्यांचं काय सांगायचं. भेदरलेले होते. पण भेदरलेले डोळे एवढे चांगले दिसतात हे बुद्धभूषणला आजवर माहीत नव्हतं. आणि असल्या वेळी आपल्याला हे दिसतंय म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"कोण... कोण हरवलं, ताई?"

"मोठी आई वो. चुलती माझी. त्या कॅलेंडरच्या दुकानापाशी होती. मी एक कॅलेंडर उलगडून बघितलं, गुंडाळलं, वळले — तर नाय!"

खरं सांगायचं तर त्या खुर्चीत बसायचं काम त्याचं नव्हतंच. नामविस्तार दिन म्हटल्यावर विद्यापीठ गेटवर सगळा मराठवाडा उतरतो. बुद्धभूषणपण वाळूजच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून, अंघोळ करून, लाईनवरचा दोस्त संघपाल, त्याच्यासोबत जरा फिरायला आला होता. गेट बघायचं, पुस्तकं चाळायची, भजी खायची, घरी. एवढाच बेत. पण 'हरवले-सापडले'च्या मंडपात गल्लीतला राजेंद्रदादा भेटला. सकाळपासून माईकवर ओरडून त्याचा घसा बसलेला.

"भूषण, दहा मिनिटं बस बाबा. जेवून येतो."

"दादा, मला नाय येत हे."

"प्रेस शॉपचा माणूस तू, दिवसभर मशीनच्या धाडधाडीवर ओरडणारा. माईक बंद पडला तरी ऐकू जाशील." आणि दादा गेलासुद्धा.

आता खुर्चीत बसल्यावर सहाच मिनिटं झाली होती, आणि ही पुढ्यात.

"नाव सांगा," त्यानं पेन उचललं.

"निशा."

"नाय म्हंजे... त्यांचं."

"आवडाबाई. आवडाबाई फकिरा. अजिंठ्याच्या. हिरवं लुगडं, पांढरं स्वेटर. डोळ्यात मोतीबिंदू हाय वो, दिवस बुडाला की तिला काहीच दिसत नाय." तिनं गेटच्या मागं पाहिलं. दिवस बुडतच होता. डोंगराच्या कडेला नुसती एक लाल रेघ उरली होती. "अन् शुगरची गोळी घेतली सकाळी. दुपारी घास खाल्ला नाय, गेट बघितल्याबिगर खाणार नाय म्हणली. मी औषधाच्या दुकानात कामाला हाय, मला म्हाईत हाय काय होतं असं केल्यावर..."

तिनं स्कार्फनं कपाळ पुसलं.

बुद्धभूषण उठला. माईक तोंडाशी धरला. आजूबाजूला चार पक्षांचे चार स्टेज, चौघांचे भोंगे एकमेकांच्या तोंडावर. त्यांच्यावर आवाज काढायचा होता. आणि त्याला भोंग्यावर बोलायची एकच पद्धत माहीत होती. गावी, बाबऱ्याला, विहाराच्या भोंग्यावर शाळेत असल्यापासून तोच बोलायचा. त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"सर्व समाजबांधवांना... कळविण्यात येते की... मुक्काम पोस्ट अजिंठा येथील... आवडाबाई फकिरा... यांनी—"

तेवढ्यात शेजारच्या स्टेजवर हलगी कडाडली. पुढचं सगळं त्या हलगीखाली गेलं. 'जिथे असतील तिथून मंडपात यावे' हे बहुतेक फक्त त्या दोघांनीच ऐकलं.

निशा त्याच्याकडं बघत राहिली.

"असं काय बोलता वो तुम्ही? कुणी गेल्यासारखं?"

"असंच असतंय." त्याला जरा लागलंच. "नियम हाय तसा."

नियम-बियम काही नव्हता. पण त्यानं तेच, त्याच चालीत, अजून तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा शेवट हलगीनंच खाल्ला.

कुणी आलं नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गेटवरची रोषणाई लागली आणि बाकीचा अंधार एकदम जास्त काळा दिसायला लागला. निशा टाचा उंचावून प्रत्येक हिरवं लुगडं बघत होती. बुद्धभूषण तिच्याकडं बघत होता. राजेंद्रदादा येईपर्यंत थांबायचं? आणि तोपर्यंत म्हातारी कुठं पडली-बिडली तर?

"संघ्या, बस इथं," त्यानं मित्राला खुर्चीत ढकललं. "चला ताई, बघू आपण."

"ताई नका म्हणू," ती चालता चालता बोलली. "घरी तीन भाऊ हायेत. पुरे झाले."

त्या तशा वेळीसुद्धा त्याचे कान गरम झाले.

गर्दी म्हणजे गर्दी. पुस्तकांच्या दुकानांसमोर तर पाय ठेवायला जागा नाही. एका लोंढ्यानं निशाला बाजूला ओढलं, तसं तिनं पटकन त्याच्या शर्टाची बाही पकडली. आणि मग सोडलीच नाही. बुद्धभूषणनं तो हात अजिबात न हलवता चालायला सुरुवात केली. एखादं पाखरू येऊन बसावं आणि माणसानं श्वास धरावा, तसं.

"तुम्हाला काय वाटतं, सापडंल?"

"सापडंल की."

"खरं सांगा."

"...मला लई भ्या वाटतंय," तो म्हणाला. खोटं त्याला कधी जमलंच नाही.

"मला बी," ती म्हणाली, आणि बाही अजून घट्ट धरली. "आमची जीप साडेसातला निघती. मोठ्या बाबांना काय सांगू मी? त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते आले नायत. मला म्हणले, निशे, तुझ्या भरोशावर पाठवतो हिला..."

जीपा लावल्या होत्या तिकडं ते गेले. हिंगोलीच्या, परभणीच्या, जालन्याच्या गाड्या, एकीसारखी दुसरी. प्रत्येक जीपमध्ये निशा डोकं घालून "मोठी आई?" म्हणायची आणि आतून दहा चेहरे बाहेर बघायचे. त्यातला एकही तिचा नसायचा. न दिसणारी बाई चुकीच्या गाडीत बसली असेल तर? हिंगोलीला उतरली असेल तर? हे दोघांच्याही मनात आलं. दोघंही बोलले नाहीत.

मग ॲम्ब्युलन्स दिसली.

गेटच्या डाव्या हाताला, दिवा फिरत होता. भोवती माणसांचं कडं. आणि माणसांच्या पायांमधून, खाली, हिरव्या लुगड्याचा काठ.

निशाचे पाय जागेवरच थांबले. "तुम्ही बघा," ती पुटपुटली. "मी... मी नाय बघत."

बुद्धभूषण पुढं गेला. प्रेस शॉपमध्ये त्यानं एकाची बोटं गेलेली पाहिली होती, तेव्हासुद्धा त्याचं काळीज इतकं उडालं नव्हतं. त्यानं एकाचा खांदा बाजूला केला, वाकून पाहिलं.

दुसरीच बाई होती. चक्कर आलेली, उठून बसलेली, आणि डॉक्टरलाच दम देत होती की मला काही झालेलं नाही, माझी चप्पल द्या.

तो वळला, लांबूनच दोन्ही हात हलवले — नाय, नाय! निशा तिथंच खाली बसली. तोंड ओंजळीत. रडत होती का हसत होती, कळत नव्हतं. तो शेजारी उकिडवा बसला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं, आणि त्यानं तो हात आपल्याच गुडघ्यावर ठेवला.

"चहा घे गं पोरी," बाजूच्या गाड्यावरून आवाज आला. चहावाली, लीलाबाई नाव तिचं, गाड्यावरच लिहिलेलं. "आज काय समदे रडतच येऊ लागलेत माझ्याकडं. मघाशी ती एक म्हातारी..."

निशानं झटकन मान वर केली. "कोण म्हातारी?"

"व्हती बाई एक. पांढरं स्वेटर. चांगली चहा मागायला आली. तेवढ्यात त्यो भोंगा वाजला, अन् मटकन बसली की खाली. 'मालक गेले गं माझे, अजिंठ्याहून निरोप आला' म्हणाली अन् लागली छाती बडवायला. म्या पाणी आणस्तोवर उठून गेली. घराकडं निघाले म्हणत व्हती, पायीच."

बुद्धभूषणनं मान वळवून मंडपावरच्या भोंग्याकडं पाहिलं.

विहाराचा भोंगा. बाबऱ्याला त्या भोंग्यावर वर्षानुवर्षं त्यानं काय सांगितलं होतं? कोण गेलं, आणि माती किती वाजता. दुसरं काहीच नाही. भोंग्यावर कुणाचं नाव त्या चालीत आलं की सगळं गाव हातातलं काम टाकून उठायचं. आणि त्यानं आज तीच चाल लावली होती. अजिंठा... फकिरा, म्हणजे तिच्या मालकाचंच नाव... आणि मग हलगी. म्हातारीनं जे ऐकायचं ते ऐकलं.

एकदा नाही. चारदा.

"माझ्यामुळं झालं," तो उभा राहत म्हणाला. "ते मी... आमच्या गावात कुणी गेलं की असंच सांगतेत. मला दुसरं येतच नाय वो. तुम्ही म्हणला होता मला, मी ऐकलं नाय."

निशा बघत राहिली. आता ही आपल्या थोबाडीत देणार, त्याला वाटलं. द्यायलाच पाहिजे.

"अजिंठ्याचा रस्ता अंधारात कुठं शोधंल ती?" ती हळूच म्हणाली. "ट्रक... गाड्या... तिला दिसत नाय वो." मग एकदम उठली, डोळे पुसले. "चला. उलटं सांगायचं."

"माझा आवाज ऐकला तर आणखीनच पळतील त्या. तुम्ही बोला."

"मी?" ती घाबरून मागं सरली. "एवढ्या लोकांत? दुकानात गिऱ्हाईक म्हणतं मोठ्यानं बोल म्हणून..."

"मी हाय शेजारी."

हे त्यानं कसं काय म्हटलं, कुणास ठाऊक. पण म्हटलं खरं.

दोघं पळतच मंडपात आले. संघपालनं न सांगता खुर्ची सोडली. निशानं माईक घेतला, तोंड उघडलं — आणि आवाजच नाही. नुसता श्वास. तो श्वास भोंग्यातून साऱ्या मैदानावर गेला. तिचा अंगठा माईकच्या बटणावरून घसरत होता. बुद्धभूषणनं आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबून धरला.

"बोला. घरी बोलता तसं."

तिनं डोळे मिटले.

"मोठी आई... ए मोठी आई! कुणी मेलं नाय!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"कुणी मेलं नाय गं! मोठे बाबा घरी हायेत, गुडघ्याला तेल चोळत बसलेत! त्यो भोंग्यावरचा माणूस येडा हाय, त्याला धड बोलता येत नाय! मी निशा बोलती. तू हायेस तिथंच बस, एक पाऊल टाकू नको. अहो, कुणाच्या जवळ एक म्हातारी रडत असंल, हिरवं लुगडं, पांढरं स्वेटर, तर तिला काहीतरी गोड खायला द्या अन् इकडं घेऊन या वो! तिला दिसत नाय..."

शेवटी आवाज फाटला. कुणीतरी हसलं, कुणीतरी "अरे गप!" म्हणालं. आणि मग शेजारच्या स्टेजवरची हलगी थांबली. तिथला शाहीर आपल्या माईकवर आला, खणखणीत आवाजात —

"आवडामाय! ऐकतीस का? कुणी मेलं नाय!"

पलीकडच्या स्टेजनं ते उचललं. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग चौथ्यानंसुद्धा. दिवसभर एकमेकांचा आवाज दाबणारे चारही भोंगे, साऱ्या मैदानावर, एकच गोष्ट सांगत होते. आवडामाय, कुणी मेलं नाय. पोरगी वाट बघती. बस तिथंच.

बुद्धभूषणच्या अंगावर काटा आला. त्याचा अंगठा अजून तिच्या अंगठ्यावरच होता. दोघांनाही बटण सोडायची हिंमत नव्हती.

सात वाजून गेले. सव्वासात. निशाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. असं वाट बघणं म्हणजे... असू द्या. ज्यानं बघितलीय त्यालाच कळतं.

आणि मग गर्दी फाकली. एक पोलीस मावशी, तिच्या दंडाला धरून हिरवं लुगडं, आणि हिरव्या लुगड्याच्या हातात अर्धा खाल्लेला लाडू.

"बेगमपुऱ्याच्या वळणापस्तोर गेल्या होत्या," मावशी म्हणाली. "रस्त्याच्या मधोमध. भोंगा ऐकला अन् तिथंच बसल्या. हलायलाच तयार नाय! म्हणत्यात, निशीनं बस म्हणलंय."

निशानं तिला मिठी मारली. आवडाबाईनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग रडली, मग लाडू संपवला, आणि मग डोळे बारीक करून विचारलं, "त्यो भोंग्यावरचा येडा कोणता?"

संघपालनं ताबडतोब बोट दाखवलं. लई जीवाभावाचा मित्र.

"माफ करा आजी," बुद्धभूषण पाया पडला.

"आजी कुणाला म्हणतो? हिकडं ये. कुणाचा रं तू? गाव?"

"बाबरा."

"आईचं माहेर?"

"शिवना."

"शिवना!" आवडाबाईचा चेहरा उजळला. "अरं आमच्या शेजारीच की! माझा सख्खा मावसभाऊ शिवन्याचा! मंग तू तर आमच्या घरातलाच निघशील. कुणाची लेक तुझी आई?"

बुद्धभूषणनं निशाकडं पाहिलं. निशा त्याच्याचकडं बघत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर मघाशी ॲम्ब्युलन्सपाशी होती ना, तीच भीती. शप्पथ. अगदी तीच. आता हा मावसभाऊ एका बाजूनं आला, दुसऱ्या बाजूनं कोणी काका निघाला, की संपलंच. राखी बांधायची आणि गप बसायचं.

"कडूबाची," तो कसाबसा म्हणाला.

"कडूबा! माझा मावसभाऊ बी कडूबाच की रं!"

निशानं डोळे मिटले.

"थांब थांब. तुझा कडूबा... विटभट्टीवर होता त्यो?"

"नाय नाय!" बुद्धभूषण जवळजवळ ओरडलाच. "बँडमधी होता! क्लॅरिनेट वाजवायचा!"

"बँडवाला?" म्हातारी विचारात पडली. बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. "त्यो होय. त्यो वरल्या गल्लीचा. त्याचं अन् आमचं..." तिनं निराश होऊन हात झटकला. "काहीच लागत नाय बघ. कुठूनच लागत नाय."

बुद्धभूषणला शेजारी एक श्वास ऐकू आला. लांब, सुटलेला. निशाचा होता. तिनं पटकन तोंडावर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि दोघंही एकदम दुसरीकडं बघायला लागले.

लांबून जीपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"चल गं! सोडून जाईल मेला!" आवडाबाई निशाला ओढतच निघाली. निशा वळली, काहीतरी म्हणणार होती... "जाते," एवढंच म्हणाली. आणि गर्दीनं तिला पोटात घेतलं.

गेली.

खुर्चीच्या पाठीवर तिचा पिवळा स्कार्फ राहिला होता.

बुद्धभूषण स्कार्फ घेऊन वीस पावलं पळाला. जीप निघाली होती, मागचा लाल दिवासुद्धा कोणता हे कळेना. तो परत आला. स्कार्फला साबणाचा वास होता, आणि एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग.

अजिंठा. औषधाचं दुकान. निशा. एवढंच. शोधता आलं असतं, पण दुकानाच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि गावानं बघायचं? तिचे तीन भाऊ? माईकवर तिचं नाव घ्यायचं तर विषयच नाही, पोरीचं नाव आहे ते. जीप अजून मैदानाच्या कडेला असेल. दोन मिनिटं. फार तर तीन.

त्यानं माईक उचलला. या वेळी चाल-बिल काही लावली नाही.

"एक स्कार्फ सापडलाय," तो म्हणाला. साध्या आवाजात, घरी बोलतात तसं. "ज्यांचा असंल त्यांनी रंग सांगून घेऊन जावा. आज नाय जमलं तर फोन करा. कधीबी करा. नंबर लिहून घ्या..."

आणि त्यानं आपला नंबर साऱ्या मराठवाड्याला सांगितला. दोनदा.

"अरे, माझा नंबर का नाय दिला?" राजेंद्रदादा तेवढ्यात ढेकर देत आला. दहा मिनिटांचे दीड तास झाले होते.

फोन त्याच रात्री सुरू झाले. नांदेडहून एक काका — "स्कार्फ आमच्या मंडळीचा हाय, निळा." लातूरची एक बाई — "निळा, बारीक किनारीचा." एकानं तर विचारलं, "भाऊ, स्कार्फ नसंल तर कानटोपी सापडली का?" सगळ्यांचे निळेच. दुसऱ्या दिवशी अकरा फोन, तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी सकाळपासून एकही नाही. प्रत्येक रिंगला काळीज उडायचं, आणि आता रिंग वाजत नाही म्हणून उडत होतं. तिनं ऐकलंच नसेल. जीप निघून गेली असेल. किंवा ऐकलं असेल, आणि...

चहाच्या सुट्टीत फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"हॅलो... स्कार्फ माझा हाय."

बुद्धभूषण मशीनला टेकला. "रंग?"

"पिवळा. कोपऱ्यात इस्त्रीनं जळालेला."

"...हरवला कसा?"

तिकडं कुणीतरी दुकानात खोकल्याचं औषध मागत होतं.

"हरवला नाय," निशा अगदी हळू म्हणाली. "ठेवला होता."

मागं दुसऱ्या लाईनवरची प्रेस धाडधाड चालू होती, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं, फक्त ते चार शब्द.

"मंग चार दिवस?"

"भ्या वाटत होतं. रोज नंबर लावायचे, अन् कट करायचे." मग जरा थांबून, "मंगळवारी घाटी दवाखान्यात मोठ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन हाय. ती म्हणती, डोळा नीट झाला की पहिलं त्या येड्याचं तोंड बघायचंय. येता का?"

"येतो!"

एवढ्या जोरात, की लाईनवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. संघपालनं तर हातातला चहाच सांडला.

"हळू," ती हसली. "माईक नाय हातात."

"निशा..."

"हं?"

"मला अजून बी लई भ्या वाटतंय. तुमच्या भावांचं. तुमचं. सगळ्याचंच."

"मला बी," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय... दोघं मिळून भिऊ की."